एक तारखेची थाळी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे आई आणि बाबा, कारण चौथं कुणी नव्हतंच. त्यांचं म्हणणं खरं होतं. पण सहा वर्षं मी तो राग भलत्याच पत्त्यावर धाडत होते, आणि ते आठवलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाबा पाळक होते. नागपूरहून अमरावती रस्त्यानं वाडीकडे निघालं की ट्रान्सपोर्टची गोदामं लागायची. त्या गोदामांच्या मागे आमचं लहानसं चर्च होतं आणि चर्चला लागून आमच्या दोन खोल्या. मंडळी म्हणजे गॅरेजमधले फिटर, गोदामातले कारकून, चार-दोन ड्रायव्हर, शाळेतल्या दोन बाई आणि त्यांची बिऱ्हाडं. बाबा प्रार्थनेला उभे राहिले की नेमका एखादा ट्रक मागे यायचा आणि क्लीनर 'आने दो, आने दो' म्हणून ओरडायचा. पोरं तोंड दाबून हसायची. ट्रक जागेवर लागेपर्यंत बाबा डोळे मिटून थांबायचे आणि मग पुढची ओळ म्हणायचे.

आमच्या मंडळीत एक चाल होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी, सकाळच्या उपासनेत, प्रत्येकानं आपल्या वर्षाचं वचन उचलायचं. शास्त्रातली वचनं लहान चिठ्ठ्यांवर लिहून पितळी थाळीत पालथी घातलेली असायची. थाळी हातात धरून पाळक पुढे उभे राहायचे. एकेकानं जायचं, चिठ्ठी उचलायची, मंडळीकडे तोंड करून मोठ्यानं वाचायची. मंडळी आमेन म्हणायची आणि सगळ्यांच्या मागून पाळक आमेन म्हणायचे. एकदा पाळकाचा आमेन पडला की वर्षभर देव तुमच्याशी तेवढंच बोलणार. लोक ती चिठ्ठी आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवायचे आणि खरोखर तसं वागायचे. एका फिटरला पायाबद्दलचं वचन आलं, म्हणून त्यानं त्याच महिन्यात घराचा पाया खणला. वर भिंती उभ्या राहायला तीन वर्षं लागली. तोवर त्याच्या बकऱ्या त्या पायात बसायच्या. वर्ष संपलं की जुनी चिठ्ठी फेकायची नाही, चर्चच्या कपाटात एक डबा होता त्यात टाकायची.

चिठ्ठ्या मी लिहायचे. आधी आई लिहायची, पण तिच्या बोटांचे सांधे वाकडे झाले आणि ते काम माझ्याकडे आलं. डिसेंबरात जो जाड कागद हाती लागेल तो कापायचा आणि एकेक वचन एकदाच लिहायचं, दोनदा नाही, असा दंडक होता. त्यामुळे सगळी वचनं मला पाठ होती.

आईला संधिवात होता. मी अठरा वर्षांची असताना ती पहिल्यांदा महिनाभर मिशनच्या दवाखान्यात राहिली आणि तिच्यापाशी मी राहिले. एका सकाळी शेजारच्या खाटेवरची बाई रक्त ओकायला लागली. वॉर्डात एकच नर्स होती. तिनं माझ्याकडे न बघताच चिलमची माझ्या हातात दिली आणि म्हणाली, धर. मी धरली. त्या बाईचं डोकं दुसऱ्या हातानं धरलं. मला ना किळस आली ना चक्कर आली. ती बाई निजल्यावर मी हात धुतले आणि मला स्वच्छ कळलं, की मला हे करायचंय. त्याआधी मला काही म्हणजे काही स्वच्छ कळलेलं नव्हतं.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. दूरच्या एका गावी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगचं शिकवत होते. फॉर्म होता, आणि त्याबरोबर आपल्या पाळकाचं पत्र लागायचं, की या मुलीला पाचारण आहे, म्हणजे देवानं तिला या कामासाठी बोलावलंय. बाबा म्हणाले की चांगली गोष्ट आहे, पण पाचारण आपण ठरवत नसतो, प्रार्थना कर, देव बोलेल. मंडळीतली पोरं दरसाल आयटीआयला जायची, गॅरेजला लागायची, एक तर पोलिसात गेला. त्यांच्यापैकी कुणाला पाना हातात घेण्याआधी देवाचा निरोप आणायला सांगितलेलं मला आठवत नाही. पण तेव्हा हे सुचलं नाही. मी मान डोलावली आणि प्रार्थनेला लागले.

एक तारखेला थाळीतून मला वचन आलं ते धीर धरून वाट पाहा अशा अर्थाचं. मी ते वाचलं, मंडळी आमेन म्हणाली, बाबा आमेन म्हणाले. देव बोलला होता. मी फॉर्म ट्रंकेत ठेवला आणि शेजारच्या बालवाडीत शिकवायला लागले.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच वचन आलं.

तिसऱ्या वर्षीही तेच आलं, तेव्हा मंडळीत कुजबुज झाली. थाळीत सव्वाशे-दीडशे चिठ्ठ्या, आणि पाळकाच्या पोरीला दरसाल तीच. शाळेतल्या बाई मला मिठी मारून म्हणाल्या की बाळा, देवाचा तुझ्यावर केवढा डोळा आहे. मला त्या डोळ्यात तिखट टाकावंसं वाटलं. देवाबद्दल असं वाटल्याची लाजही वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी संताप आला.

त्या वर्षांत माझा दिवस कसा जायचा ते सांगते. पहाटे उठून आईला कुशीवर वळवायचं. तिच्या अंगाखाली दुमडलेली चादर असायची, एक गुडघा खाटेवर टेकून ती चादर आपल्याकडे ओढली की आईला न दुखता वळवता यायचं. ही युक्ती मी त्या नर्सकडे बघून शिकले होते. मग तिला पुसायचं, पाठीला पावडर लावायची, केस विंचरायचे, चहा चमच्यानं पाजायचा. मग बालवाडी. मग स्वयंपाक, पुन्हा आई. या सगळ्यात बाबा दारात उभे राहून विचारायचे, काही पाहिजे का. काही पाहिजे असलं तरी ते आत यायचे नाहीत. आईला उचलताना ती कण्हायची, ते त्यांना सोसवत नसे. मग ते सायकल काढून आजाऱ्यांच्या भेटीला जायचे. दुसऱ्यांच्या आजाऱ्यांच्या. तिथे त्यांची फार कीर्ती होती.

महिला मंडळाच्या बायका यायच्या, केळी आणायच्या आणि जाता जाता सांगायच्या की आईची सेवा हीच तुझी नर्सिंग, देवानं तुला घरबसल्या पाचारण दिलंय. घरबसल्या. मला आईचा कंटाळा आला नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. आईचं करताना मला जेवढं येत होतं, त्याहून जास्त कुणीतरी मला शिकवायला हवं होतं. तिचा ताप कशानं चढतो, तिच्या गोळ्यांनी तोंड का येतं, यातलं मला काही कळत नव्हतं आणि ते कळून घ्यायची मला भूक होती. भुकेल्या माणसाला तुझा उपास किती सुंदर चाललाय असं सांगणाऱ्या बायकांना केळ्यांसकट बाहेर घालवावंसं वाटायचं. मी त्यांना चहा करून द्यायचे.

देवाशी मी भांडत होते, पण सोडून गेले नव्हते. कणीक मळताना मी त्याला विचारायचे, की तुझ्या घड्याळाला चावी कोण देतं? बोलावलंस तूच आणि दारात बसवून ठेवलंस तूच. तुला काय, तुला वयाची अट नाही. फॉर्मवर वयाची अट होती, पंचवीस. सहाव्या वर्षी मी चोवीस पुरी झाले. त्या साली गेले नाही तर पुढे कुठलं पत्र मिळूनही उपयोग नव्हता.

म्हणून त्या डिसेंबरात मी एक गोष्ट केली. पाचव्या वर्षीच्या चिठ्ठ्या मी लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिल्या होत्या, फिक्कट गुलाबी. या वेळी बालवाडीतून पांढरा ड्रॉइंगचा कागद आणला, कापला, सगळी वचनं लिहिली. वाट पाहण्याचं वचन लिहिलंच नाही. कुणाला सांगितलं नाही. मला देवाला कोंडीत पकडायचं होतं. वचनच थाळीत नसेल, तर बघू तू काय बोलतोस.

एक तारीख उजाडली. अंगण झाडलं, आईला तयार केलं, दोन फिटरांनी तिला खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये पहिल्या बाकाशेजारी ठेवलं. माझी पाळी आली तशी मी पुढे गेले. बाबांनी थाळी जराशी फिरवली, उजवा अंगठा उचलला, आणि त्याखालची चिठ्ठी माझ्यासमोर आली. मी ती उचलली. सहाही वर्षं समोर आलेलीच उचलली होती. माणूस समोरचंच उचलतो.

धीर धर, वाट पाहा.

जे मी लिहिलंच नव्हतं ते थाळीत होतं. क्षणभर मी खरोखर घाबरले. वाटलं, आता संपलं, याच्यापुढे कसलं भांडण. आणि मग मला कागद दिसला. फिक्कट गुलाबी. कोपऱ्यात हळदीचा डाग, माझ्याच अंगठ्याचा, आरशाशी वर्षभर खोचून ठेवलेली असताना लागलेला. उलटं करून पाहिलं, तर मागे कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतलं 'आपले नम्र'. ही चिठ्ठी आठवड्यापूर्वी मी स्वतः कपाटातल्या डब्यात टाकली होती.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता. फिक्कट गुलाबी आणि पांढरा त्यांना एकच दिसत असणार. नव्या चिठ्ठ्यांत त्यांनी आदल्या दिवशी ते वचन शोधलं असेल, सापडलं नसेल. स्वतः लिहिता आलं असतं, पण त्यांचं अक्षर अख्खी मंडळी ओळखायची. म्हणून डबा उघडला असेल. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळलं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, सहा वर्षं, आणि मी पावसाला शिव्या देत बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. थाळीकडे बघत होते.

मागे रांग थांबली होती. मला मंडळीकडे तोंड करून वाचायचं होतं. मी वळले. आई समोर खुर्चीत होती. मी गुलाबी चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली आणि तिच्यावर नसलेलं वचन वाचलं. भिऊ नको, ऊठ, जा, मी बरोबर येतो, अशा अर्थाचं. पाठच होतं. चर्चमध्ये उभी राहून देवाच्या नावानं मी धडधडीत खोटं वाचलं आणि मंडळी एका आवाजात आमेन म्हणाली. सहा वर्षांनी पाळकाच्या पोरीचं वचन पालटलं म्हणून शाळेतल्या बाईंनी डोळे पुसले.

मग सगळे पाळकाच्या आमेनसाठी थांबले.

आपल्या अंगठ्याखाली काय होतं हे बाबांना माहीत होतं. मी काय वाचलं हेही त्यांनी ऐकलं होतं. मी खोटं बोलले असं ते म्हणू शकत होते. तेवढं म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. बाहेर कुणीतरी ट्रकवर हात मारत होतं. बाबा आमेन म्हणाले, पण इतक्या हळू की मागच्या बाकांपर्यंत तो पोचला नसेल. मला पोचला.

माझ्यानंतर चौथी पाळी गॅरेजवाल्याच्या म्हाताऱ्या आईची होती. तिनं पांढरी चिठ्ठी उचलली, नातवानं वाचून दाखवली, आणि ते नेमकं तेच निघालं: भिऊ नको, ऊठ, जा. मंडळीत हसू पिकलं. दोनदा लिहिलं का वं, असं मला कुणीतरी मागून विचारलं. म्हातारी मात्र काळजीत पडली. उपासनेनंतर ती मला धरून म्हणाली, "आता या वयात मी कुठं जाऊ वं, पोरी?" मी तिला रामटेकला लेकीकडे जाऊन या म्हटलं. ती खरंच गेली आणि महिनाभर राहून आली.

घरी आल्यावर मी भांडी आपटत होते. बाबा कोट न काढताच खाटेच्या कडेला बसले होते. बोलली ती आई. तिला चिठ्ठीचं कुणी सांगितलं नव्हतं, पण ती पहिल्या बाकाशी होती आणि तिला गुलाबी रंग चांगला दिसत होता.

"यायनं सा वर्सं खोटं वाचवलं, तू आज खोटं वाचलं," ती म्हणाली. "दोघंही त्याच्याच नावानं बोलून राहिले. त्याले बोलू तं देत नाही कोणी."

बाबांनी कोट काढला. मग मान खाली घालून विचारलं, "हे गेली तं तुले कोण पाहीन?"

"काहून? तुमी मेले का?" असं आई म्हणाली. आमच्या घरात कुणी कुणाला इतकं कडक बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बाबांनी पत्र लिहिलं. फॉर्मसोबत पाकिटात घालताना मी ते वाचलं. या मुलीला पाचारण आहे, असं त्यांच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर मी गेले. बाबा स्टेशनवर सोडायला आले आणि डब्यात चढवून देईपर्यंत आम्ही दोघं फक्त ट्रंकेबद्दल बोललो.

दहा महिन्यांनी पहिली सुट्टी मिळाली. घरी येताना मनाची सगळी तयारी केली होती. पाठीला जखमा झाल्या असणार, केसांच्या जटा झाल्या असणार, खोलीला वास येत असणार, हे गृहीत धरून मी पट्ट्या आणि औषध बरोबर घेऊन आले होते. दार उघडंच होतं. बाबा एक गुडघा खाटेवर टेकून उभे होते. त्यांनी दुमडलेली चादर आपल्याकडे ओढली आणि आई कुशीवर वळली. कण्हली, पण थोडंच. मग त्यांनी फणी घेतली.

मी नर्ससारखी आईची पाठ तपासली. एकही जखम नव्हती. टाचा मऊ होत्या. नखं कापलेली होती.

कुणालाही वाटेल की माझं मन विरघळलं असेल. मला इतका संताप आला की मी परसात जाऊन बसले. म्हणजे यांना येत होतं. शिकायला फार तर महिना लागला असेल. त्या एका महिन्यासाठी माझी सहा वर्षं गेली होती, आणि वर देवाचा शिक्का मारून गेली होती. रोज कणीक मळताना मी ज्या देवाला दगड म्हणत होते, त्यानं मला एकदाही अडवलं नव्हतं. मी दहा महिने तिकडे होते, रात्रपाळ्या केल्या, दोनदा परीक्षेत काठावर तरले, एकदा तापानं फणफणले, आणि दर वेळी कुणीतरी बरोबर आहे असं मला वाटत आलं होतं. खोटं वाचून मिळवलेलं ते वचन तो मुकाट्यानं खरं करत होता.

बाबा परसात आले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून भिंतीला हात लावून आले आणि माझ्यापासून दोन हातांवर उभे राहिले.

"मले भेव वाटे तिच्या कण्हण्याचं," ते म्हणाले. "तुले नाही म्हणायचं तोंड नव्हतं. थांब असं देव नव्हता म्हणत वं, मी म्हणून राहिलो होतो."

माफ केलं असं म्हणावं अशी वेळ होती, ते माझ्या तोंडून निघालं नाही. आईच्या चहाची वेळ झाली म्हणून ते आत गेले. देवाची माफी मी तिथेच बसून मागितली. बाबांना माफ करायची पाळी यायला पुष्कळ उशीर लागला.

पुढच्या एक तारखेला माझी ड्यूटी होती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आईचं पत्र आलं. तिची बोटं चालत नव्हती, त्यामुळे ती सांगायची आणि बाबा लिहायचे. थंडीचं होतं, फिटरच्या घराचं छप्पर झाल्याचं होतं, माझ्या जेवणाची चौकशी होती. शेवटी लिहिलं होतं, 'आई सांगते की यंदा थाळी टेबलावर ठेवली होती. ज्याची त्यानं जाऊन उचलली. कुणी हातात धरली नव्हती.'

आई सांगते, हे दोन शब्द इतर अक्षरांपेक्षा जरा वाकडे आले होते.